लहानाचे वृंदावन

शोळिंगनल्लूर, चेन्नई
४ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सेतुमाधव राव यांस,
सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी देविका शिराळकर. मूळची मिरजेची, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. तुमचा पत्ता मला नावलतिट्टूच्या घरातल्या अभिप्रायाच्या वहीत मिळाला. खाडीतल्या त्या बेटावरचं जुनं घर आता एका ट्रस्टनं लोकांना बघायला खुलं केलं आहे, तिथे मी दर रविवारी जाते. घर बांधणारं कुटुंब तंजावरी मराठी, म्हणून तिथल्या ट्रस्टला मराठी येणारं कुणीतरी हवं होतं. फलकांचा मराठी मजकूर मी हौसेनं लिहिते आहे.

वहीत चार वर्षांच्या नोंदी आहेत. तमिळ, इंग्रजी, एक फ्रेंचसुद्धा. मराठी फक्त एक, गेल्या १९ जानेवारीची: ‘वृंदावनास पाणी घालून आलो. समाधान.’ खाली तुमचं नाव, पत्ता, फोन. मी फोन केला. एका बाईंनी उचलला. म्हणाल्या, “त्यांस ऐकू येत नाही अम्मा. मोठ्याने बोलले तर शेजारच्यांस ऐकू येते, त्यांस नाही. कागद लिहा.” म्हणून हे पत्र.

तुम्ही त्या घरातलेच का? आणि एक शंका आहे. आमच्या मिरजेच्या घरी वृंदावन दारासमोर, अंगणात आहे. नावलतिट्टूला मात्र ते मागे बागेत, विहिरीच्याही पलीकडे, जांभळाच्या झाडाखाली एकटंच उभं आहे. असं का? फलकावर काय लिहू?

तुमची,
देविका


वेस्ट मांबलम, चेन्नई
१२ फेब्रुवारी २०२४

चि. देविकास अनेक आशीर्वाद.

तुमचे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्यांदा चष्मा नव्हता म्हणून नीट कळले नाही, दुसऱ्यांदा अलमेलूस वाचून दाखवले, तिसऱ्यांदा उगीच. या घरात मराठी पत्र येऊन वीस वर्षे जाहली. फोन उचलला ती अलमेलू, माझी पत्नी. शेजारच्यांविषयी ती बोलली ते खरे आहे.

माझे मराठी वाचून तुम्हांस हसू येईल. आमच्या पूर्वजांनी तंजावरास जे आणले तेच आम्ही वापरतो, फाटले तेथे तमिळचे ठिगळ लावून.

होय, मी त्या घरातला. माझे पणजे कालव्याच्या कामावर ओव्हरसियर होते. बेट त्यांनी घेतले तेव्हा तेथे एक नावलचे, म्हणजे तुमच्या जांभळाचे, झाड आणि साप, एवढेच होते. गोडे पाणी लागले म्हणून घर बांधले. बाग आजोबांची. तगर, मनोरंजितम, बारा आंबे. खारा वारा लागून आंब्यांतले चार उरले. मी तेथेच जन्मलो, अलमेलू लग्न होऊन तेथेच आली. १९७४ साली घर विकले आणि आम्ही शहरात आलो. मी शाळेत गणित शिकवले. आता तिकीट काढून घर पाहण्यास जातो. तिकिटाच्या खिडकीतला माणूस विचारतो, सीनियर सिटिझन का? मी होय म्हणतो. त्यापुढे कोणी काही विचारत नाही, तेही बरेच आहे.

वृंदावनाचे विचारलेत. ते लहानाचे वृंदावन, म्हणून मागे. आमच्यात तसेच असते. त्याविषयी फलकावर काही लिहू नका.

एक मागणे आहे. यंदा धक्क्याच्या पायरीवर पडलो, गुडघा दुखावला. डॉक्टरांनी नावेत बसू नका म्हणून सांगितले. तुम्ही दर रविवारी जाता, तर त्या वृंदावनास एक तांब्या पाणी घालाल का? अलमेलूस बरे वाटेल. ती जुन्या घरात पाऊल ठेवत नाही, पण मी जाऊन आलो की विचारते.

सेतुमाधव

ता. क. राव यांस वगैरे नको. अण्णा म्हणा.


शोळिंगनल्लूर
३ मार्च २०२४

ती. अण्णांस
सा. न.

पाणी घातलं. आजचा तिसरा रविवार, तिन्ही वेळा घातलं. विहिरीचंच काढते, नळाचं नाही. तुळस वाळली होती, तिला खालून दोन कोंब फुटले आहेत. अलमेलूमामींना सांगा.

तुमची भाषा मला फार आवडली. हसू आलं नाही, उलट मी काही शब्द वहीत उतरवून घेतले. माझ्या तमिळला मात्र सगळं ऑफिस हसतं. परवा नावाड्याला ‘हळू चालवा’ म्हणायचं तर मी ‘हळू रडा’ म्हणाले. तो म्हणाला, “का, अम्मा? बरं चाललंय माझं.”

ट्रस्टच्या श्रीविद्या मॅडम बागेचं काम काढणार आहेत. एका बाबतीत त्यांनी माझा सल्ला विचारला, मराठी माणूस म्हणून. मी दिला आणि तो त्यांना पटला. काय ते आत्ता सांगत नाही. एप्रिलमध्ये कळेल. तुम्हाला आनंद होईल असं आहे.

देविका


वेस्ट मांबलम
२० मार्च २०२४

चि. देविकास आशीर्वाद.

तुमचे पत्र अलमेलूने टपालवाल्याच्या हातून ओढून घेतले. कोंब फुटल्याचे वाचले आणि मग स्वैपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी.

तिने विचारण्यास सांगितले: नावलचा पाला पडतो तो तुम्ही झाडता का? झाडू नका म्हणते. विहिरीपासून तेथवर जो पाला पडलेला असेल तो तसाच राहू द्यावा. का म्हणून विचारले तर मज काही सांगत नाही. पन्नास वर्षांत विचारून पाहिले आहे.

आनंदाची गोष्ट काय, याविषयी घरात दोन तर्क आहेत. ती म्हणते, तुमचे लग्न ठरले. मी म्हणतो, बागेशी लग्नाचा काय संबंध? उत्तर लवकर द्या, नाहीतर ती जिंकली असे होईल.

अण्णा


शोळिंगनल्लूर
२१ एप्रिल २०२४

ती. अण्णा आणि अलमेलूमामी यांस
सा. न.

तुम्ही जिंकलात अण्णा. लग्नबिग्न काही नाही!

सोबत फोटो पाठवते आहे. बघितलात? वृंदावन आता अंगणात, थेट दारासमोर आहे. तुम्ही लिहिलं होतंत की ते लहानाचं वृंदावन, म्हणून मागे. ‘लहानाचं’ म्हणजे तुमच्या भाषेत ‘लहान’ असणार, हे मी ओळखलं. लहान मागे, तर मोठं कधीकाळी पुढे असणारच, आणि ते पडझडीत गेलं असणार. मग पुढची जागा रिकामी का ठेवायची? श्रीविद्या मॅडमनी विचारलं, “तुमच्या मराठी घरांत कुठे असतं?” मी म्हटलं, “अंगणात. त्याशिवाय घराला शोभा नाही.” मुरली गवंडी फार कसबी माणूस. एक एक वीट सुटी करून पुन्हा रचली. ते एका बाजूला कललं होतं, तेही त्यानं ओळंब्यात सरळ करून दिलं. चुना लावला, बायकांनी रांगोळीचा कोलम काढला. लहान म्हणून तुम्ही फलक नको म्हणालात, पण मी दोन ओळी लिहिल्याच: ‘मराठी घरांच्या रीतीप्रमाणे दारासमोरचे तुळशीवृंदावन’.

मागच्या जागी आता कमळांचं छोटं तळं झालं आहे, आणि विहिरीपासून तिथवर फरसबंदी वाट. लोकांना तिथे बसायला आवडेल.

तुम्हाला आता पाणी घालायला मागेपर्यंत चालायला नको. गुडघा बरा झाला की मी स्वतः घेऊन जाईन. नावेत मी हात धरते.

देविका


शोळिंगनल्लूर
२ जून २०२४

ती. अण्णांस
सा. न.

सहा आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. फोनही कुणी उचलत नाही. तब्येत बरी आहे ना? माझ्या हातून काही चुकलं का? चुकलं असेल तर रागवा, पण लिहा.

देविका


वेस्ट मांबलम
१६ जून २०२४

चि. देविकास आशीर्वाद.

पत्रास उशीर जाहला. प्रकृती ठीक नव्हती असे लिहिणार होतो, पण ते खोटे. प्रकृती ठीक आहे.

आमच्यात वृंदावन दोन तऱ्हेचे. एक तुळशीचे, तुमच्यासारखेच, ते दारात असते. दुसरे, जेथे कोणास ठेवले आहे त्यावर बांधतात. मठांत स्वामींची असतात, तुम्ही पाहिली असतील. दोन वर्षांच्या आतले मूल जाळत नाहीत, मातीत ठेवतात. त्यावर विटा रचून तुळस लावली तर आमच्या घरात त्यासही वृंदावनच म्हणत. लहानाचे वृंदावन म्हणजे लहान वृंदावन नव्हे. लहान मुलाचे.

तिचे नाव कमलिनी. सोळा महिन्यांची होती. ताप आला. वारा इतका होता की नावाडी नाव सोडीना. सोडली तेव्हा उशीर जाहला होता. १९७१, संक्रांतीस लागतो त्या तै महिन्यातला पहिला शुक्रवार. इतक्या लहानाचे श्राद्ध नसते, तिथीही धरत नाहीत. म्हणून मी वार धरला. तेव्हापासून दर वर्षी त्या शुक्रवारी जातो.

घरात तिचे नाव घेतले की अलमेलू उठून आत जाई. म्हणून सगळे ‘लहानाचे’ म्हणू लागले. पुढे तीच सवय. तुम्हांस लिहितानाही तेच लिहिले गेले. एक ओळ जास्त लिहिली असती तर पुरे होते. फळ्यावर गणित सोडवताना पायरी गाळू नका म्हणून पस्तीस वर्षे मुलांस ओरडत आलो.

विटा मी स्वतः रचल्या होत्या. गवंडीकाम येत नव्हते म्हणून ते कलले. फोटोत सरळ दिसले तेव्हा क्षणभर दुसऱ्याच कोणाच्या घरचे आहे असे वाटले.

तुमची चूक म्हणवत नाही. तुम्ही आमचे भले करण्यास गेलात. तळ्यासाठी किती खोल खणले ते विचारणार होतो. विचारत नाही. तुम्हीही सांगू नका.

फोटो आणि ते पत्र अलमेलूस दाखवले नाही. तुमचे उत्तर आले नाही म्हणून सांगितले. ती रोज टपालवाल्याची वाट पाहते. एवढेच करा: पुढच्या पत्रात पाणी घातले म्हणून लिहा. दुसरे काही नको.

अण्णा


शोळिंगनल्लूर
३० जून २०२४

ती. अण्णा आणि अलमेलूमामी यांस
सा. न.

कामामुळे मध्ये पत्र लिहायला जमलं नाही. क्षमा असावी.

आज बेटावर गेले होते. पाणी घातलं. नावलची फळं पडायला लागली आहेत. पाला झाडला नाही.

देविका


वेस्ट मांबलम
९ जुलै २०२४

चि. देविकास अलमेलूचे आशीर्वाद.

मी कधी कागद लिहीत नाही. अक्षर कोंबडीचे आहे, सांभाळून घे.

फोटो मी पाहिला. एप्रिलातच. त्याने पंचांगात लपवला. या घरात पंचांग कोण उघडते? मी. एकादशी कोण धरते? मी. इतका गणिताचा मास्तर, पण लपवण्यास दुसरी जागा सुचली नाही. कागदही तेथेच, तोही वाचला. पुन्हा होता तसा ठेवला.

मग आता आलेल्या चिठ्ठीत तू पाणी घातले म्हणून लिहिलेस. कोठे घातलेस, कण्णा, बाळ? खरे सांग. मी रागवत नाही. तळ्याच्या काठी उभे राहून घातले असशील. मज दिसते तू कशी उभी राहिली असशील ती.

आता तुज एक सांगते, ते त्यासही ठाऊक नाही.

बायका तेथे जात नाहीत. मज खोलीत बसवले, दार लोटून घेतले. तो पण गेला नाही. त्यास पाहवले नाही, धक्क्यावर जाऊन बसला. त्याचे वडील, काका आणि दोन माणसे गेली, आली, विहिरीवर आंघोळी केल्या. पाण्याचा आवाज मी ऐकत होते. दुसरे दिवशी दुपारी सगळे निजले तेव्हा मी मागल्या दाराने गेले. ताजी माती होती, वर काट्याची फांदी ठेवलेली, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. मी विहिरीच्या पायरीवर परत आले, खाडीकडे तोंड केले आणि सरळ चालत गेले, मोजत. तेहतीस पावले. नऊवारी लुगडे, त्यात मी बुटकी, पाऊल आखूड. का मोजले ते ठाऊक नाही. हातात दुसरे काही नव्हते.

महिन्याने त्याने विटा आणल्या. तोवर पाऊस पडून गेला होता, फांदी उडाली होती, वर पाला पडला होता. काकांनी लांबून बोट दाखवले, इथे म्हणून. त्याने तेथे रचल्या. मी मोजून पाहिले. अडतिसावर.

पाच पावले, देविका. पाच पावले पुढे बांधले.

मी सांगितले नाही. काय सांगणार? रडत रडत रचत होता, चुना हातास चावला होता. पुढच्या वर्षी पाणी घालून आला, समाधान वाटले म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग मी का सांगू? मी म्हणूनच पाला झाडू देत नव्हते. पाला तिच्यावर पडत होता, पाणी विटांवर. दोघांनी मिळून केले असे मी धरले.

तू एकदा जाऊन मोज. आखूड पाऊल टाक. तळे कोठे येते आणि तेहतीस कोठे येते ते मज लिही. काही निघाले तरी पुन्हा खणू नको, काही बांधू नको, नाव लिहू नको. नाव लिहिले तर लोक अय्यो म्हणतील आणि फोटो काढतील.

उत्तर खालच्या मजल्यावरच्या जयंतीच्या नावे घाल. ती मज देईल. तिला वाटते मी नातेवाइकांत कोणाचे लग्न जुळवते आहे. वाटू दे.

अलमेलू


शोळिंगनल्लूर
२१ जुलै २०२४

ती. अलमेलूमामींस
सा. न.

तुम्ही लिहिलंत तशी गेले. आधी माझ्या पावलांनी मोजलं तर तळ्याच्याही पलीकडे, खाडीच्या पाणथळीत पोचले. मग घरातल्या एका जुन्या लुगड्याची घडी श्रीविद्या मॅडमकडून मागून घेतली, ‘फोटोसाठी’ असं खोटं सांगून. नेसता येत नाही, नुसती गुंडाळली. पाऊल आपोआप आखूड झालं. विहिरीच्या पायरीवरून खाडीकडे तोंड करून तीन वेळा चालले. तिन्ही वेळा तेहतिसावं पाऊल एकाच फरशीवर आलं.

तळं त्याच्या पुढे आहे, मामी. पाच पावलं पुढे. मुरलीला विचारलं, वाटेसाठी किती खणलंत? तो म्हणाला, “खणलं कुठे? पाला बाजूला केला, वाळू पसरली, वर फरशी बसवली.” मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाला.

म्हणजे ती आहे तिथेच आहे. तिला कुणी हात लावलेला नाही. पण वर वाट झाली आहे, आणि ती माझ्यामुळे झाली. रविवारी दोन-तीनशे माणसं त्यावरून कमळं बघायला जातात. काहीजण नेमके तिथेच थांबतात, कारण तिथून तळं चांगलं दिसतं. तुम्ही रागवत नाही म्हणालात. मला ते सोपं गेलं नाही.

अंगणातल्या वृंदावनाचा फलक मी काढून घेतला. मजकूर चुकला, एवढंच सांगितलं. ते वृंदावन आता तिथे सरळ उभं आहे, बिनफलकाचं. त्या तुळशीलाही मी पाणी घालते. विटा अण्णांच्या आहेत.

अण्णांचं काय करू? ती तळ्याखाली नाही, हे सांगितलं तर ते रात्री झोपतील. पण मग त्रेपन्न वर्षं पाणी कुठे घातलं, तेही सांगावं लागेल. वहीतला तो ‘समाधान’ शब्द मी आज पुन्हा पाहिला. मला ठरवता येत नाही. ते तुम्हीच ठरवा. मी त्यांना महिन्यातून एकदा ‘पाणी घातलं’ असं लिहीत राहीन.

आता एक शेवटचं. तुम्ही काही बांधू नको, लिहू नको म्हणालात, तसं काहीच केलेलं नाही. आज त्या फरशीवर पाय ठेवताना माझ्याच्यानं चपला पायात ठेववेनात. अलीकडे काढून ठेवल्या आणि अनवाणी पुढे गेले, तांब्याभर पाणी ओतलं. परत वळले तर मागून एक मोठं कुटुंब आलं होतं, मदुरैकडचं. त्यांनी माझ्या चपला पाहिल्या आणि कुणी काही न विचारता आपापल्या काढल्या. म्हातारे, बायका, कडेवरची मुलं, सगळे त्या फरशीवरून अनवाणी गेले. त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या चपला पाहिल्या.

दुपारी निघेपर्यंत तिथे चपलांची रांग लागली होती. मी माझ्या तिथेच सोडून आले.

तुमची,
देविका